“हो हो, करते की!”

भाची: मावशी, आमच्या तहसील कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी आहेत. ताई म्हणतो आम्ही त्यांना. आवाज चढवत नाहीत, कधी नाही म्हणत नाहीत. माहिती मागितली की “हो हो, करते की!” आणि ती काही येत नाही. साहेबांसमोर मात्र, “नव्या मुली हुशार हो, आम्हाला मेलं कॉम्प्युटरातलं काय कळतंय!”

मावशी: आणि तुझी नस्ती परत येते ती दर वेळी एकेक नवी त्रुटी घेऊन. आधी पृष्ठांकन नाही, मग सही राहिली, मग सहपत्र जोडलं नाही.

भाची: तुला कसं कळलं?

मावशी: अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेय मी! तिन्ही त्रुटी तिला पहिल्याच दिवशी दिसल्या असणार. हा रागच आहे, फक्त कुणाला पकडता येऊ नये अशा बेताने काढलेला.

भाची: पण मी त्यांचं काय केलंय?

मावशी: बहुतेक काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात विल्यम मेनिंजर नावाचे मनोविकारतज्ज्ञ अमेरिकी लष्करात होते. ‘पॅसिव्ह-अ‍ॅग्रेसिव्ह’ हे नाव अशा वागण्यासाठी 1945 साली त्यांनी वापरात आणलं. सैनिकाला हुकूम मोडायची सोय नाही. मग तो रुसायचा, रेंगाळायचा, काम अर्धवट करायचा. आपल्याकडे तरी साहेबाला तोंडावर ‘जमणार नाही’ कोण म्हणतं? वर गिळलेला नकार खाली तुझ्या टेबलावर येतो.

भाची: म्हणजे हा आजार आहे?

मावशी: अजिबात नाही. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत 1952 पासून तो होता, 1994 च्या आवृत्तीत मुख्य यादीतून काढून परिशिष्टात टाकला. तज्ज्ञांनाच खात्री वाटेना, तिथे तू कोण? तुमच्या पिढीला उठसूट कुणालाही ‘टॉक्सिक’ म्हणायची सवय लागलीय.

भाची: मी कुठे म्हटलं! उलट मला वाटतं, मीच जास्त मनावर घेते की काय.

मावशी: मनावर घेण्याचं मला सांगू नकोस. एका कार्यालयात मला चांगल्या टेबलावरून उचलून अभिलेख कक्षात टाकलं. कारण विचारलं तर साहेब हसून म्हणतात, “तुमच्याइतकं अनुभवी दुसरं कोण आहे, बाई?” स्तुती करून शिक्षा! भांडणार कशावर? त्या कक्षात धूळ इतकी…

भाची: मावशी, ताईंचं सांग ना.

मावशी: सांगते. टोमण्याला टोमणा द्यायचा नाही. “कॉम्प्युटरातलं काय कळतंय” म्हणाली की शब्दशः घे: “दुपारी बसू या ताई, दाखवते.” नस्तीचं एकटीला गाठून विचार: “सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्याल का? एका फेरीत पूर्ण करते.” माहिती हवी तर तारीख माग, आणि ती नस्तीतच नोंदव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. हल्ली कुणाला धड टिपणी लिहायला नको, अंगठा वर केला की झालं काम!

भाची: पण त्यांच्या मनात तसं काही नसलंच तर? उगाच संशय घेतल्यासारखं होईल.

मावशी: यातलं कुठलं वाक्य संशयाचं आहे? तिच्या मनाविषयी तू चकार शब्द काढत नाहीस. विसरभोळी असेल तर तारखेचा उपयोगच होईल, मुद्दाम करत असेल तर लपायला जागा उरणार नाही. आपला अंदाज चुकला तरी कुणाचं नुकसान होऊ नये, असाच उपाय करावा.

भाची: आणि त्या उघड भडकल्या तर?

मावशी: तर उत्तम! “पंधरा वर्षं राबले आणि काम नव्या पोरीला दिलं,” असं काही बाहेर पडेल. तेव्हा वाद घालू नकोस, ऐकून घे. उघड बोलण्याची शिक्षा मिळाली की माणूस पुन्हा “हो हो” वर जातो.

भाची: तरीही नाही बदलल्या तर?

मावशी: तिला बदलायला नेमलंय का तुला? तुझी नस्ती वर गेली पाहिजे. दफ्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा आहे आपल्याकडे: साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नस्ती कुणाकडे पडून राहू नये. पण पहिल्याच दिवशी कलम फेकून मारू नकोस. साहेबांकडे गेलीस तर तारखा सांग, स्वभाव सांगू नकोस. हां, टोमणा जातीवरून असेल किंवा बाईपणावरून असेल, तर हे सगळं सोडून सरळ लेखी तक्रार.

भाची: तसलं काही नाही. पण मावशी, खरंच मी मनावर घेत असेन तर…

मावशी: पुन्हा तेच! उद्या आधी त्रुटींची यादी मागून घे. मनावर घ्यायचं की नाही, ते यादी हातात पडल्यावर ठरव.