घाटाचा राजा आणि रक्ताचा हिशोब

टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत. दर जुलैमध्ये तीन आठवडे, २१ टप्पे, मिळून साधारण साडेतीन हजार किलोमीटर, आणि वाटेत आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तिकडेही असा राजा असतो, त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. टप्पा आपल्या वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास संपतो, म्हणजे मेसची वेळ आणि शर्यतीचा शेवट नेमका एकत्र येतो.

आमच्या हॉस्टेलमध्ये ही शर्यत बघणाऱ्या आम्ही मोजून चौघीजणी. दरवर्षी कुणीतरी दारातून डोकावून एकच वाक्य टाकून जातं, “काय बघताय गं, सगळे घेतात!” घेतात म्हणजे उत्तेजक औषधं घेतात. या लेखात त्याच वाक्याचा जरा अभ्यास करायचा आहे. सगळे घेतात हे कशावरून? आणि एखादा घेत नाही हे तरी कशावरून?

संशय हवेतून आलेला नाही हे आधी मान्य करू. १३ जुलै १९६७ ला ब्रिटनचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतू नावाच्या उघड्याबोडक्या डोंगरावर चढताना कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आणि दारू सापडली. पण ॲम्फेटामाइनने फक्त थकवा कळत नाही, इंजिन मोठं होत नाही. खरा बदल ईपीओ आल्यावर झाला.

ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन. नाव लांबलचक, काम सोपं. आपली मूत्रपिंडं (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला आधी किडनीच आठवते) हे संप्रेरक तयार करतात आणि ते हाडांच्या मगजाला सांगतं की तांबड्या पेशी वाढव. तांबड्या पेशी जास्त तर स्नायूंना ऑक्सिजन जास्त. १९८० च्या दशकाच्या अखेरीला हे संप्रेरक कारखान्यात बनवता येऊ लागलं. ते किडनीच्या रुग्णांसाठी होतं, पण सायकलवाल्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांमध्ये तो साधारण ४० ते ५० असतो. १९९६ ची टूर जिंकणाऱ्या ब्यार्न रीसला लोक ‘मिस्टर ६० टक्के’ म्हणायचे. २००७ मध्ये त्याने स्वतःच ईपीओ घेतल्याचं कबूल केलं.

गंमत अशी की तेव्हा ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, १९९७ मध्ये एक नियम केला. हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेलं तर त्या खेळाडूने काही दिवस घरी बसायचं. प्रॉडक्शनच्या लॅबमध्ये आपण गो/नो-गो गेज वापरतो, तशीच ही गोष्ट. आणि गेज माहीत असलं की माल त्या मापात बसवणं अवघड नसतं. खेळाडू हॉटेलच्या खोलीत छोटं सेंट्रिफ्यूज ठेवून स्वतःचं रक्त तपासत, जास्त भरलं तर सलाइन लावून पातळ करत. ज्याचं मुळातच ४१ आहे त्याला ४९ पर्यंत जायला जणू परवानगीच मिळाली. ज्याचं मुळात ४८ आहे त्या प्रामाणिक माणसाचं नैसर्गिक वरदान तेवढं वाया गेलं.

१९९८ मध्ये टूर सुरू होण्याच्या तोंडावर फेस्टिना संघाच्या एका मालिशवाल्याची गाडी फ्रान्स-बेल्जियम सरहद्दीवर अडवली गेली आणि त्यात औषधांचा साठाच निघाला. ती टूर मार्को पंतानीने जिंकली. पुढच्याच वर्षी इटलीच्या शर्यतीत विजय हातात असताना त्याचं हिमॅटोक्रिट ५२ भरलं आणि त्याला बाहेर काढलं. २००४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, रिमिनीच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. १९९९ ते २००५ सलग सात टूर लान्स आर्मस्ट्राँगने जिंकल्या, कॅन्सरमधून बरा होऊन. त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि त्या सात वर्षांच्या विजेत्याची जागा आजही रिकामी आहे. ती कुणाला द्यायची हेच ठरवता येईना! शेकडो चाचण्या पास केल्या हा त्याचा कायमचा बचाव असायचा. त्यामुळे ‘कधी पकडला गेला नाही’ या वाक्याची किंमत त्याने कायमची शून्य करून ठेवली.

मला मात्र त्याच्यापेक्षा क्रिस्तोफ बासोँ या माणसाबद्दल जास्त लिहायचं आहे. हा त्याच फेस्टिना संघातला खेळाडू. पोलीस चौकशीत संघातल्याच लोकांनी सांगितलं की बासोँ औषधं घेत नव्हता. १९९९ मध्ये तो दुसऱ्या संघातून टूरमध्ये उतरला आणि एका फ्रेंच वर्तमानपत्रात रोज सदर लिहू लागला. फेस्टिना प्रकरणानंतर शर्यत स्वच्छ झाली असं सगळे म्हणत असताना याने लिहिलं की वेग अजून संशयास्पद आहे. झालं! बाकीचे खेळाडू त्याच्याशी बोलेनासे झाले. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या शेजारी येऊन म्हणाला की तू सायकलिंगचं नुकसान करतोयस, घरी जा. दोनच दिवसांनी बासोँ शर्यत सोडून खरंच घरी गेला. त्याच्या स्वतःच्या संघानेही त्याला साथ दिली नाही.

‘सगळे घेतात’ हे वाक्य मला का खुपतं, ते इथे लक्षात येईल. ऐकायला ते हुशारीचं वाटतं, पण त्यात बासोँला जागाच नाही. घेणाऱ्यांना ते वाक्य फार सोयीचं होतं, कारण सगळेच घेतात म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही. पुढे बासोँ फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी कामच करू लागला. आणि नशीब बघा, २०१२ मध्ये एका माउंटन बाइक शर्यतीतून तो मध्येच बाहेर पडला, चाचणीसाठी त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो निघून गेला होता, म्हणून त्याच्यावरच एक वर्षाची बंदी घातली गेली! नंतर ती एक महिन्यावर आणली.

आता पकडण्याच्या शास्त्राकडे वळू. ईपीओसाठी लघवीची चाचणी २००१ पासून वापरात आली. मग काहीजण स्वतःचंच रक्त काढून पिशवीत साठवू लागले आणि शर्यतीच्या वेळी परत चढवू लागले. २००६ मध्ये माद्रिदच्या डॉक्टर फुएन्तेसकडे अशा पिशव्यांचा ढीगच सापडला. स्वतःच्या रक्तात बाहेरचं औषध कुठून सापडणार? तेव्हा यूसीआयने २००८ मध्ये बायोलॉजिकल पासपोर्ट आणला, आणि ही कल्पना मला खरोखर आवडते. गो/नो-गो गेज सोडून ते कंट्रोल चार्टवर आले. प्रत्येक खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं अनेकदा तपासायचं आणि मर्यादा त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरवायच्या. काय घेतलं हा प्रश्न मागे पडतो. हे शरीर स्वतःसारखं वागतंय का, एवढंच विचारायचं.

एक सूत्र बघा. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्या. नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात, त्यांची टक्केवारी घ्या. त्या टक्केवारीचं वर्गमूळ काढून ६० ने गुणा आणि हिमोग्लोबिनमधून वजा करा. याला ऑफ-स्कोअर म्हणतात. समजा हिमोग्लोबिन १५० आणि कोवळ्या पेशी १ टक्का, तर उत्तर ९०. आता त्याच माणसाने रक्त चढवलं. हिमोग्लोबिन १६५ झालं. शरीराला वाटतं रक्त भरपूर आहे, म्हणून ते नवीन पेशी बनवणं कमी करतं. कोवळ्या पेशी ०.३६ टक्क्यांवर येतात. वर्गमूळ ०.६, वजा ३६, उत्तर १२९. औषध सापडलं नाही तरी शरीराने चुगली केली. त्यात तीन आठवडे रोज सायकल मारली की रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिन थोडं खाली यायला हवं. ते आलं नाही तरी तज्ज्ञ भुवया उंचावतात. दोषी ठरवण्याआधी तीन तज्ज्ञांचं एकमत लागतं.

यातही पळवाट आहेच. अगदी छोटे डोस रात्री शिरेतून घेतले तर आलेख फारसा हलत नाही, हे टायलर हॅमिल्टनने आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितलंय. म्हणजे पासपोर्टने चोरी थांबली असं नाही, पण चोरीचा आकार लहान झाला. एकेकाळच्या ६० टक्क्यांच्या मानाने हा फरक छोटा नाही.

(मेकॅनिकलवाल्यांसाठी जोड माहिती. २०१६ च्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत बेल्जियमच्या १९ वर्षांच्या एका खेळाडूच्या सायकलच्या नळीत चक्क मोटर सापडली. सहा वर्षांची बंदी. आता सायकलींचे एक्स-रे काढतात.)

आता आजचा वाद. १४ जुलै २०२४ ला पिरेनीजमधला प्लातो द बेय हा घाट स्लोव्हेनियाच्या तादे पोगाचारने साधारण ३९ मिनिटे ४० सेकंदांत चढला. १९९८ मधली पंतानीची वेळ यापेक्षा तीन मिनिटांहून जास्त होती. दुसऱ्या आलेल्या योनास व्हिंगेगार्डनेही पंतानीला मागे टाकलं. ईपीओच्या काळातल्या माणसाला हे दोघे नुसत्या भाताच्या जोरावर मागे टाकतात? असं विचारणं रास्तच आहे.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. घाट १५.८ किलोमीटर, चढ ७.९ टक्के, म्हणजे उंची सुमारे १२५० मीटर. माणूस ६५ किलो, सायकल-कपडे ९ किलो धरले. गुरुत्वाकर्षणाविरुद्धची शक्ती ३८० वॅट, टायरचे सुमारे २०, हवेचे ५०. एकूण ४५०, किलोमागे ६.९ वॅट. आकडा भयानक आहे. पण मग मी फक्त वारा बदलून बघितला. ताशी ७ किलोमीटरची झुळूक पाठीमागून धरली तर उत्तर ६.५ येतं, समोरून धरली तर ७.४. म्हणजे ज्या आकड्यावरून लोक एकमेकांची डोकी फोडतात, तो घामही न सुकवणाऱ्या वाऱ्याने एवढा हलतो. शिवाय १९९८ नंतर टायर बदलले, पॉवर मीटर आले, आणि आताचे खेळाडू तासाला १०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पचवायला शिकले आहेत. पंतानीचं आणि यांचं इंधनच वेगळं. तरीही सगळी तफावत यातून भरून निघते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि हेही लिहिते की पोगाचार आणि व्हिंगेगार्ड दोघेही कुठल्याही चाचणीत दोषी आढळलेले नाहीत. आपल्या मुलीला देणार नाही अशी कुठलीही गोष्ट मी घेत नाही, असं व्हिंगेगार्ड २०२३ मध्ये म्हणाला होता. आर्मस्ट्राँगही छान बोलायचा म्हणा.

त्याच २०२४ च्या जुलैमध्ये अजून एक बातमी आली. कार्बन मोनॉक्साइड! हो, एक्झॉस्ट गॅस ॲनालायझरवर बघतो तोच. शरीरात एकूण हिमोग्लोबिन किती हे मोजण्यासाठी हा वायू अगदी थोडा हुंगवतात, आणि मोठ्या संघांनी उंचावरच्या सरावाआधी आणि नंतर ही चाचणी केल्याचं मान्य केलं. पण तोच वायू पुन्हा पुन्हा घेतला तर शरीर ऑक्सिजन कमी पडतोय असं समजून हिमोग्लोबिन वाढवू शकतं. त्याचा असा वापर तेव्हा नियमात कुठेच बसत नव्हता. यूसीआयने २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्यावर बंदी घातली, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२६ च्या यादीत मोजमापाव्यतिरिक्तचा वापर घातला. मला यात आशा दिसते. ईपीओ शर्यतीत आल्यापासून चाचणी यायला दहा-एक वर्षं गेली होती. इथे बातमी आणि बंदी यांत सात महिने गेले.

जपून ठेवलेले नमुने वाडाच्या नियमानुसार दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. आर्मस्ट्राँगच्या १९९९ च्या नमुन्यांत ईपीओ होतं हे २००५ मध्ये असंच बाहेर आलं. त्या हिशोबाने प्लातो द बेयचा निकाल २०३४ पर्यंत पेन्सिलीने लिहिलेला आहे. तोपर्यंत आम्ही चौघी चार गावांत नोकरीला असू. येत्या जुलैत मात्र मेसमध्ये जरा लवकर जाऊन यावं लागेल.