वटपौर्णिमेच्या फांदीपासून वामनवृक्ष

ज्येष्ठ पौर्णिमा बहुधा जून महिन्यात येते. वडाची पूजा तर करावयाची, परंतु जवळपास वड नाही, अशा शहरांतील घरी त्या दिवशी बाजारातून वडाची फांदी विकत आणण्याचा प्रघात पडला आहे. या फांद्यांसाठी रस्त्याकडेचे वड ओरबाडले जातात आणि पूजा आटोपली की दुसऱ्या दिवशी तीच फांदी कचऱ्यात जाते. वास्तविक हाच काळ वडाचे छाट कलम लावण्यास अनुकूल असतो. पावसाळा तोंडावर आलेला वा नुकताच सुरू झालेला असतो, हवा दमट असते आणि झाडाच्या अंगी वाढीचा जोर असतो. तेव्हा ही फांदी टाकून न देता तिच्यापासून कुंडीतील वड तयार करता येतो. जपानी भाषेत यासच बोन्साय, म्हणजे उथळ पात्रातील लागवड, असे म्हणतात. मराठीत वामनवृक्ष हा शब्द रूढ झाला आहे.

बाजारात मिळणारी कोवळी डहाळी या कामास निरुपयोगी होय. तीत साठा नसतो व ती मुळे धरण्यापूर्वीच कुजते. किमान अंगठ्याएवढी जाड, पक्व सालीची व ताजी फांदी निवडावी. वडाचा जाड फाटा सहज मुळे धरतो. म्हणूनच रस्त्याकडेच्या लागवडीत मोठमोठे फाटे रोवण्याची जुनी पद्धत आहे. पूजा होईपर्यंत फांदीचे बूड ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. नंतर २० ते २५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेऊन डोळ्याच्या खाली धारदार कात्रीने तिरपा छेद द्यावा. निघणारा चीक पाण्याने धुऊन टाकावा व छेद तासभर सावलीत सुकू द्यावा. शेंड्याकडील दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढून टाकावीत. जाडसर वाळू व पोयट्याची माती समभाग घेऊन तीत एक तृतीयांश तुकडा पुरावा व कुंडी सावलीत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटू लागतात. नवी पालवी दिसताच मुळे आली असे समजून छाट उपटून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो; तो आवरावा. पालवी कधीकधी फांदीतील साठ्यावरच फुटते.

ज्यांच्या परसात किंवा ओळखीच्या ठिकाणी वड आहे, त्यांनी गुटी कलम करणे अधिक श्रेयस्कर. दोन बोटे जाडीच्या फांदीवरील सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढावी, उघड्या पडलेल्या लाकडावरील बुळबुळीत थर खरडावा, ओले शेवाळ बांधून त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. भर पावसाळ्यात केलेल्या गुटीस मुळे लवकर येतात, आणि ती खोडाच्या सभोवार सारखी येतात. वामनवृक्षाचे वय व भारदस्तपणा पाहणाऱ्यास प्रथम मुळांच्या या फैलावात दिसतो.

यापुढे बहुतेकांची चूक होते ती उतावळेपणाची. मूळ धरलेले रोप लगेच उथळ तबकात लावले जाते, त्याच दिवशी त्यास तारही गुंडाळली जाते. उथळ पात्रात खोडाची जाडी वाढणे जवळजवळ थांबते; मग दहा वर्षांनीही तेथे वड न दिसता तबकात खोचलेली काडीच दिसते. पहिली तीन-चार वर्षे रोप रुंद, साध्या कुंडीत मोकळेपणी वाढू द्यावे. लावताना मुळांखाली कौलाचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे मुळे खाली न जाता आडवी पसरतात. खालची एक फांदी न छाटता वाढू द्यावी. तिच्यामुळे खोड जाड होते. काम झाल्यावर ती काढून टाकता येते.

तबकासाठी काळी भारी माती वापरू नये. ती पाणी धरते आणि सुकली की भेगाळून बारीक मुळे तोडते. विटांचे बारीक तुकडे, जाडसर वाळू व चाळलेले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण चांगले. तबकाची खोली साधारणतः खोडाच्या बुंध्याच्या जाडीएवढी असावी. दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या आरंभी झाड काढून सुमारे एक तृतीयांश मुळे छाटावीत व नवी माती भरावी.

वळणासाठी ॲल्युमिनियमची तार घ्यावी. तिची जाडी फांदीच्या एक तृतीयांश असावी व फांदीशी ४५ अंशांचा कोन करून ती गुंडाळावी. पावसाळ्यात वडाची फांदी झपाट्याने जाड होते, म्हणून दर आठवड्यास तार पाहावी. ती सालीत रुतू लागताच तुकडे करून काढावी, उलगडू नये. एकदा पडलेला वळ वर्षानुवर्षे जात नाही. फांदीस सहा-सात पाने आली की दोन-तीन पाने ठेवून शेंडा खुडावा. झाड सशक्त असेल तर वाढीच्या दिवसांत देठ राखून सर्व पाने कापता येतात. नवी पाने लहान येतात. मुळे छाटलेल्या वर्षी मात्र हे करू नये.

आकाराविषयी थोडे. जपानी पुस्तकांतील पाइनची चित्रे पाहून वडास उंच, निमुळता आकार देण्याची हौस दिसते; ती वडास शोभत नाही. वडाचे सौंदर्य आडव्या विस्तारात व पारंब्यांत आहे. कोलकात्याजवळील शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड कीड-बुरशीमुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी तो पारंब्यांच्या आधारावर आजही पसरत आहे. कुंडीतील वडासही पावसाळ्यात बारीक पारंब्या फुटतात. उभी चिरलेली, ओले शेवाळ भरलेली नळी लावून त्या मातीपर्यंत आणाव्यात. एकदा जमिनीत रुजल्या की त्या जाड होतात.

घरात झाड खुजे ठेवले तर घराची भरभराट खुंटते, अशी समजूत काही ठिकाणी आहे. भिंतीच्या फटीत रुजलेला मोकळा वड मात्र घराच्या भिंतीच फोडतो, हे प्रत्येक जुन्या वाड्याच्या मालकास ठाऊक असते.

वैशाख-ज्येष्ठात तबकातील माती एका दुपारीही सुकते. सकाळी व सायंकाळी झारीने पाणी द्यावे, दुपारची सावली करावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याने धुऊन ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

झाड पूजेस काढले असता कुंडीत दूध वा पंचामृत ओतू नये; मुंग्या लागतात व माती आंबते. खोडास गुंडाळलेले सूत दुसऱ्या दिवशी आठवणीने सोडून घ्यावे. पावसाळाभर ते तसेच राहिले तर तारेप्रमाणेच सालीत रुतते.