इंधन तापले की अणुभट्टी मंदावते, ती कशी?



रसायनशास्त्रात आपण शिकतो की तापमान वाढले म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढतो. हाच नियम अणुभट्टीला लावला तर उत्तर चुकते. तिथे युरेनियमचे इंधन जितके तापेल तितके विखंडन कमी होऊ लागते. हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. आपल्या इंदूरजवळ जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ पुढे राजस्थानात जाते आणि तिच्या काठी रावतभाट्याचे अणुवीज केंद्र उभे आहे. अशा केंद्राची सुरक्षितता कशावर अवलंबून असते हे पालकांनीही जाणून घ्यावे, म्हणून हा पाठ.

न्यूट्रॉनांचा जमाखर्च

नैसर्गिक युरेनियमच्या दर १००० अणूंमध्ये सुमारे ७ अणू युरेनियम-२३५ चे असतात; बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८ चे. मंद न्यूट्रॉनने फुटतो तो २३५. तो फुटला की उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांपैकी सरासरी एकाने पुढचा अणू फोडला तर साखळी एकसारखी चालते. एकाहून जास्तांनी फोडले तर ती वाढत जाते, कमी पडले तर विझत जाते.

नवे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. साध्या किंवा जड पाण्याच्या अणूंवर आपटत आपटत त्यांचा वेग उतरतो. या वाटेवर २३८ चे केंद्रक जणू दबा धरून बसलेले असते. ठरावीक ऊर्जेचा, उदाहरणार्थ सुमारे ६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, न्यूट्रॉन सापडला की ते त्याला गिळते, पण स्वतः फुटत नाही. साखळीच्या दृष्टीने तो न्यूट्रॉन खर्ची पडला. या ठरावीक ऊर्जेच्या पकडीला अनुस्पंदन म्हणतात. हिंदी पुस्तकांतला ‘अनुनाद’ तो हाच.

तापल्यावर काय बदलते?

तापणे म्हणजे अणूंची थरथर वाढणे. केंद्रक न्यूट्रॉनच्या दिशेने येत असेल तर न्यूट्रॉन त्याला अधिक वेगवान भासतो. दूर जात असेल तर कमी. स्टेशनातून जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. त्यामुळे ठरावीक ऊर्जेपेक्षा थोडे कमी-जास्त असलेले न्यूट्रॉनही आता पकडले जातात. आलेख काढला तर शिखर बुटके होते आणि बाजू रुंदावतात.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, शिखर खाली आले तर पकड कमी व्हायला नको का?” प्रश्न योग्य आहे. शिखराच्या ऊर्जेचे न्यूट्रॉन इंधनाच्या बाहेरच्या थरातच संपतात. शिखर थोडे उतरले तरी त्यांची सुटका नसते. पण बाजूचे जे न्यूट्रॉन पूर्वी निसटत होते, ते आता अडकतात. म्हणून एकूण पकड वाढते आणि विखंडनासाठी न्यूट्रॉन कमी उरतात.

साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत इंधन १ अंश सेल्सियसने तापले तर दर लाख न्यूट्रॉनांमागे साधारण २ ते ३ न्यूट्रॉनांची तूट येते. आकडा लहान, पण इंधन शेकडो अंशांनी तापू शकते. शिवाय उष्णता इंधनातच जन्म घेते, त्यामुळे हा ब्रेक तत्काळ लागतो. पाणी तापण्याची किंवा नियंत्रक दांडे खाली येण्याची वाट पाहावी लागत नाही.

दोन उदाहरणे

१९५६ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन आदी शास्त्रज्ञ एका जुन्या शाळेच्या इमारतीत जमले. नियंत्रक दांडे एकाएकी बाहेर काढले तरी इंधन वितळू नये, अशी अणुभट्टी त्यांना बनवायची होती. त्यांनी युरेनियमबरोबर झिर्कोनियम आणि हायड्रोजन इंधनातच मिसळले. इंधन तापताच त्यातील हायड्रोजनची न्यूट्रॉनांना मंद करण्याची शक्ती घटते. डॉप्लर परिणामाची जोडही मिळते. ही ‘ट्रिगा’ अणुभट्टी १९५८ मध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक देशांतील विद्यापीठांत वापरली गेली.

दुसरे उदाहरण २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिलचे. तिथल्या इंधनातही डॉप्लरचा ब्रेक होता. परंतु त्या भट्टीत न्यूट्रॉन मंद करण्याचे काम ग्राफाइट करीत असे, आणि पाणी काही न्यूट्रॉन शोषून घेई. पाण्याची वाफ झाली की ते शोषण घटे आणि साखळी वाढे. कमी शक्तीवर भट्टी चालवताना हा परिणाम इंधनाच्या ब्रेकपेक्षा वरचढ ठरला. दांड्यांच्या रचनेतील दोषाची त्यात भर पडली आणि अनर्थ झाला.

यातून लक्षात ठेवायचे ते हे की, निसर्गाने दिलेला ब्रेक खरा आहे, पण एकट्या ब्रेकवर विसंबून चालत नाही. इंधन, पाणी, दांडे आणि चालवणारी माणसे, या सगळ्यांची बेरीज सुरक्षिततेच्या बाजूची असावी लागते.

विचार करा

१. इंधन २०० अंशांनी तापले तर दर लाख न्यूट्रॉनांमागे किती तूट येईल?
२. इंधनात २३८ अजिबात नसेल तर या ब्रेकचे काय होईल?
३. पाणी तापल्यावर लागणारा ब्रेक इंधनाच्या ब्रेकपेक्षा उशिरा का लागतो?

उत्तरे पाठ करून नव्हे, घरी आई-वडिलांना समजावून सांगून लिहा.