तंबाखूमुक्त शाळा, तंबाखूमुक्त घर

महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः विडी-सिगारेटचा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा मशेरी लावणारे २४.४ टक्के होते. २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांच्या तुलनेने एकूण प्रमाण घटले, ही समाधानाची बाब होय.

कायद्याची मर्यादा

२००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. परंतु मशेरी घरातच तव्यावर भाजली जाते आणि दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांना लावली जाते. तंबाखूची पुडी आणण्यास अनेकदा मुलालाच दुकानात धाडले जाते. शाळेत शिकविलेला धडा अशा रीतीने घरी पुसला जातो.

समजावणीचे फळ

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९७७ पासून एर्नाकुलम, श्रीकाकुलम व भावनगर या जिल्ह्यांत तंबाखू सेवन करणाऱ्या ३६,००० ग्रामस्थांमध्ये मुखतपासणी व समजावणीचे कार्य केले. एर्नाकुलममध्ये व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले व कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले. प्रत्यक्ष भेटून केलेली समजावणी वाया जात नाही, हाच याचा बोध होय.

गावाने करावयाचे कार्य

मुलांना तंबाखू आणावयास पाठवू नये, असा ठराव ग्रामसभेने करावा व दुकानदारांनाही त्यात सहभागी करून घ्यावे. मशेरीचा विषय महिला ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत आशा सेविकांच्या साहाय्याने मांडावा. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असल्यास, दोन आठवड्यांत जखम भरत नसल्यास अथवा तोंड पुरते उघडत नसल्यास त्या व्यक्तीस विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

व्यसन सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. हा त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. या काळात उपहास न करता घरच्यांनी धीर द्यावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. पुन्हा सवय जडल्यास तो प्रयत्नाचा शेवट मानू नये. अनेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी स्वतः तंबाखू वर्ज्य केली, तर त्यांच्या शब्दाला गावात निश्चितच वजन येईल.