परागंदा लेखक : पं. श्री. दा. सातवळेकर आणि 'विश्ववृत्त' प्रकरण

वेदांचे भाष्यकार म्हणून पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर (1867-1968) सर्वपरिचित आहेत. राजद्रोही ठरलेला व त्यापायी प्रांतोप्रांती फिरावे लागलेला मराठी लेखक, या अंगाने मात्र त्यांचा विचार सहसा होत नाही. या विचाराचा प्रारंभ कोल्हापुरापासून करणे क्रमप्राप्त ठरते.

सावंतवाडी संस्थानातील कोलगावचे सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि चित्रकार म्हणून हैदराबादेत स्थिरावले. अथर्ववेदातील 63 मंत्रांच्या पृथ्वीसूक्तात त्यांना मातृभूमीचे स्तोत्र दिसले. त्यावरील 'वैदिक राष्ट्रगीत' सरकारी रोषास पात्र ठरले व त्यांना हैदराबाद सोडावे लागले. पुढे 1908 मध्ये त्यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात प्रसिद्ध झाला. राजाराम महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केलेले, 'ग्रंथमाला'कार प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर हे त्याचे संपादक. या लेखावरून खटला झाला. विजापूरकरांना कारावास भोगावा लागला. हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात असलेल्या लेखकालाही पकडून कोल्हापुरास आणण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लेखाचा विषय प्रार्थना हा होता. प्रचलित राज्यकारभार नव्हे. मंत्रातील सामर्थ्याची याचना वाचकाने आपल्या काळाशी जोडावी, एवढीच त्यातील योजना. सरकारने ती जोडली, हे सरकारी वाचनाच्या मर्मज्ञतेचेच प्रमाण म्हणावे लागेल!

त्यानंतर लाहोर, तेथे चित्रकला व छायाचित्रण हेच उपजीविकेचे साधन. 1918 मध्ये औंधचे अधिपती, स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने ते औंधला आले व 'स्वाध्याय मंडळ' उभे राहिले. परंतु मधल्या दशकात वाचकवर्ग पालटला होता. मंडळाचे 'वैदिक धर्म' हे मासिक हिंदीत निघाले; मराठी 'पुरुषार्थ' त्यानंतर आले. 1975 मध्ये मायदेश सोडलेला चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा कालांतराने फ्रेंचमध्ये लिहू लागला. त्याच्याशी ही तुलना पूर्णांशाने जुळत नाही, कारण सातवळेकरांनी मराठी कधीच टाकली नाही. तथापि ज्या भाषेत दंड झाला ती दुय्यम होणे, हे दोहोंत समान आहे. हिंदीचा स्वीकार केवळ परागंदा अवस्थेमुळे झाला असे मानणे अतिव्याप्त ठरेल. आर्यसमाजाचा संपर्कही त्यामागे होताच. मात्र निबंधकाराचा भाष्यकार होणे हे या प्रकरणापासून वेगळे काढता येत नाही. निबंधात लेखक स्वतःच्या नावाने बोलतो. भाष्यात तो मंत्राच्या आडोशाने बोलू शकतो.

1948 साली औंधही सुटले. एक्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मंडळाचा संसार गुजरातेतील पारडी येथे हलला आणि अखेरची वीस वर्षे मराठी मुलखाबाहेरच गेली.