प्राध्यापक गुंबेल यांची मोजणी

जर्मनीतील म्युनिक शहरी १८ जुलै १८९१ रोजी एका ज्यू कुटुंबात एमिल यूलियुस गुंबेल यांचा जन्म झाला. गणित व अर्थशास्त्र यांचा अभ्यास करून १९१४ च्या जुलै महिन्यात त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. पुढच्याच महिन्यात पहिले महायुद्ध पेटले. गावोगावचे तरुण हौसेने सैन्यात भरती होत होते. गुंबेलही आपण होऊन भरती झाले. परंतु थोड्याच महिन्यांत त्यांचे मन पालटले. आजारपणामुळे सैन्यातून सुटका होताच १९१५ मध्ये ते युद्धाला विरोध करणाऱ्या एका संघटनेचे सभासद झाले. विख्यात शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन हेही त्याच संघटनेत होते. भर युद्धात शांततेचे नाव घेणाऱ्यास तेव्हा लोक देशद्रोही समजत.

१९१८ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. सम्राटाला सिंहासन सोडावे लागले आणि देशात लोकसत्ता आली. ती ज्यांना मान्य नव्हती, त्यांच्यातील काहींनी गुप्त टोळ्या उभारल्या. मंत्री, पुढारी, लेखक आणि साधे कामगार यांचे खून पडू लागले. डावे आणि उजवे दोघेही सारखेच दोषी आहेत, असे लोक सहज बोलून जात. गुंबेल यांना असे मोघम बोलणे रुचेना. ते गणिती होते. त्यांनी मोजावयाचे ठरविले.

हे काम सोपे नव्हते आणि निर्धोक तर मुळीच नव्हते. त्यांनी न्यायालयांचे निकाल व वृत्तपत्रे चाळली, वकिलांकडून माहिती मागविली, मृतांच्या नातलगांची पत्रे मिळविली. प्रत्येक खुनाची त्यांनी नोंद केली. कोण मारला गेला, कोठे, कोणत्या दिवशी, कोणी मारले आणि पुढे मारेकऱ्याचे काय झाले, हे त्यांनी लिहून ठेवले. १९२२ मध्ये ही माहिती ‘चार वर्षांतील राजकीय खून’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. उजव्या पक्षीयांनी ३५४ खून केले होते व त्यांपैकी ३२६ खुनांना कोणतीच शिक्षा झाली नव्हती. डाव्या पक्षीयांनी २२ खून केले होते व त्यांपैकी केवळ ४ शिक्षेवाचून राहिले होते. सरासरी काढली तेव्हा एका बाजूस दर खुनामागे चार महिन्यांचा तुरुंगवास आला, तर दुसऱ्या बाजूस पंधरा वर्षांचा. न्यायाचा तराजू कोणत्या बाजूस कलला आहे, हे सांगण्यास या आकड्यांपुढे निराळ्या शब्दांची गरज नव्हती.

आता दोहोंपैकी एकच घडेल, असे गुंबेल यांना वाटले होते. आपले म्हणणे खरे ठरले, तर मारेकऱ्यांना शिक्षा होईल. खोटे ठरले, तर बदनामीबद्दल आपल्यावर खटला होईल. प्रत्यक्षात दोन्हीही घडले नाही! न्यायखात्याने चौकशी केली, तेव्हा त्यांची माहिती खरी निघाली. परंतु तो अहवाल छापण्यास सरकारकडे पैसा नव्हता. १९२४ मध्ये गुंबेल यांनी तो स्वतःच छापून घेतला.

दरम्यान १९२३ पासून ते हायडेलबर्ग विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवू लागले होते. महायुद्ध सुरू झाल्यास दहा वर्षे झाली, त्या निमित्ताने १९२४ मध्ये तेथे ‘पुन्हा युद्ध नको’ अशी सभा भरली. रणात पडलेल्यांचे मरण वैभवाचे नसून भयंकर होते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या सभेत काढले. त्यावरून त्यांची चौकशी झाली. पुढे १९३० मध्ये ते प्राध्यापक झाले, तेव्हा नाझी मताच्या विद्यार्थ्यांनी दंगल माजविली. १९३२ मध्ये मात्र एका सलगमाने त्यांची नोकरी घालविली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाटा मिळेनासा झाला होता व भुकेली माणसे सलगमाच्या जातीच्या कंदावर दिवस काढीत होती. युद्धाचे स्मारक उभारावयाचे तर सुंदर पुतळ्याऐवजी त्या कंदाचेच उभारावे, असे गुंबेल म्हणाले. एवढ्यावरून विद्यापीठाने त्यांना काढून टाकले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. गुंबेल यांची पुस्तके जाळण्यात आली आणि त्याच वर्षी ज्या ३३ जणांचे नागरिकत्व प्रथम हिरावून घेण्यात आले, त्यांत त्यांचे नाव होते. तेव्हा ते फ्रान्समध्ये होते, म्हणून बचावले. लिओं शहरात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तेव्हा ते अमेरिकेस निघून गेले.

परदेशात त्यांची मोजणी चालूच होती. पण आता ते नद्यांचे पूर मोजीत होते. नदीला दरवर्षी येणाऱ्या सर्वांत मोठ्या पुराचे आकडे अनेक वर्षे नोंदले, तर शंभर वर्षांतून सरासरी एकदा येईल असा पूर केवढा असेल, याचा अंदाज करता येतो. याचा अर्थ तो पूर येऊन गेल्यावर शंभर वर्षे निश्चिंत राहावे, असा मात्र नव्हे. कोणत्याही वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक असतो. लागोपाठ दोन वर्षेही तो येऊ शकतो. या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

युद्धानंतरही हायडेलबर्गने त्यांना त्यांची जागा परत दिली नाही. १० सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. भारतातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही ‘गुंबेल पद्धत’ शिकतात आणि धरणाचा सांडवा केवढा ठेवावा, याचे गणित तिच्या आधारे मांडतात.