परावटू ग्रंथी : रक्तातील कॅल्शियमच्या रखवालदार

आपल्या कंठात अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तिच्याच मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, ग्रंथी असतात. त्या परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी. शेजार असला तरी दोघींचे काम अगदी वेगळे आहे.

या ग्रंथी प्रथम दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा गेंडा मेल्यावर रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्याचे विच्छेदन केले होते. माणसातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. तरीही त्यांचे महत्त्व लवकर कळले नाही. थायरॉइड काढल्यावर काही रुग्णांचे हातपाय वाकडे होऊन झटके येत. १९०९ मध्ये मॅक्कॅलम आणि व्हॉग्टलिन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की कॅल्शियम दिल्यावर हे झटके थांबतात.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे मला हे बँकेसारखे वाटते. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत ठेव म्हणून असते. रक्तात अगदी थोडे, पण स्नायू, नसा आणि हृदय यांचा रोजचा व्यवहार त्यावरच चालतो. रक्तातील कॅल्शियम जरा घटले की परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते, मूत्रपिंडाला ते लघवीवाटे वाया घालवू देत नाही आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यांतून अधिक शोषून घ्यायला लावते. पातळी सावरली की स्राव कमी होतो.

आहारात कॅल्शियम नसेल, अंगाला ऊन लागत नसेल, तर ग्रंथी हाडांतील ठेवच मोडत राहतात. रक्ताचा अहवाल मात्र चांगला दिसतो! म्हणून दूध, ताक, नाचणी, तीळ आणि थोडे ऊन यांकडे दुर्लक्ष करू नये.

कधी एखाद्या ग्रंथीत गाठ होऊन स्राव बेसुमार वाढतो. मग वारंवार मुतखडा, हाडे दुखणे, थकवा, बद्धकोष्ठता, उदासी अशा तक्रारी सुरू होतात. घरातील वडीलधाऱ्यांची ही दुखणी आपण वयावर ढकलतो. अशा वेळी कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते. डॉक्टरांना विचारून कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.